निजलेल्या घरात गिटार

सावनेरात रात्र सगळ्यांची एकाच वेळी होत नाही. तालुक्यात वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या, म्हणजे इथल्या बोलीत वेकोलिच्या, भूमिगत कोळसाखाणी आहेत. खापरखेड्याला महानिर्मितीचं १३४० मेगावॉटचं औष्णिक वीज केंद्र आहे. दोन्हीकडे काम पाळ्यांमध्ये चालतं. रात्रपाळीला गेलेला माणूस सकाळी घरी येतो, आंघोळ करून दोन घास खातो आणि खिडकीवर चादर ताणून झोपतो. तेव्हा शेजारच्या घरात मुलांची शाळेची घाई चाललेली असते. पुढच्या आठवड्यात पाळी बदलते आणि घराची झोपेची वेळही बदलते. गावात गोंगाट नाही असं नाही. नागपूरहून येणारा रस्ता इथेच फुटतो, एक फाटा पांढुर्णा-बैतूलकडे आणि दुसरा सौंसर-छिंदवाड्याकडे, आणि ट्रकांची वर्दळ थांबत नाही. पण रस्त्याच्या आवाजाची झोपलेल्या माणसाला सवय होते. भिंतीपलीकडे कोणी एकच तान पुन्हा पुन्हा घोटत असेल तर तिची सवय होत नाही.

अशा घरात मुलाने किंवा मुलीने इलेक्ट्रिक गिटार आणली की पहिली अडचण ॲम्पची, म्हणजे ॲम्प्लिफायरची, येते. साधी गिटार घेतली तर पोकळ पेटी आवाज देते, तिला काही जोडावं लागत नाही. इलेक्ट्रिक गिटार मात्र एकटी अर्धीच असते. तारेखालचा पिकअप जो बारीक विद्युत संकेत देतो, त्याला ॲम्प आणि स्पीकर मिळाल्याशिवाय सूर होत नाही. म्हणून इलेक्ट्रिक गिटार शिकणाऱ्यासाठी ॲम्प हा वाद्याचाच दुसरा भाग आहे, आणि तो निवडताना गिटार निवडण्याइतकाच विचार करावा लागतो. तो विचार आपल्याकडे फार कमी होतो. नागपूरला बर्डीच्या बाजारात जाऊन गिटार निवडण्यात दोन तास जातात आणि ॲम्प ‘हा पण देऊन द्या’ म्हणून पिशवीत येतो.

वेकोलिच्या एका वसाहतीतल्या मुलाशी याच विषयावर माझं बोलणं झालं. तो आयटीआय करतो, गिटार वर्षभरापासून वाजवतो. वडील खाणीत आहेत. त्याच्याकडे मित्राकडून आणलेला जुना ॲम्प होता, मंडळाच्या कार्यक्रमात वापरलेला, चांगला मोठा. त्याची तक्रार एका वाक्यात होती : “बाबा दिवसभर झोपून राहतेत, मग मी वाजवू कधी?” आवाज कमी केला की ‘मजाच येत नाही’, वाढवला की आतून हाक येते. मग तो ॲम्प न लावताच वाजवू लागला होता. हा उपाय बहुतेक जण कधी ना कधी करतात आणि तो हाताला बिघडवतो. नुसत्या तारांचा आवाज बारीक येतो, म्हणून उजवा हात नकळत जोर लावायला लागतो. शिवाय बाजूच्या तारा दाबायच्या राहून गेल्या तर त्यांचा होणारा खरखराट ऐकूच येत नाही. महिन्या-दोन महिन्यांनी ॲम्प लावला की हे सगळे दोष मोठे होऊन समोर येतात.

‘आवाज कमी केला की मजा येत नाही’ ही त्याची तक्रार अगदी खरी आहे. मनाचा खेळ म्हणून ती उडवून लावण्यासारखी नाही. तिच्यामागे दोन कारणं आहेत, एक ॲम्पच्या इतिहासात आणि एक आपल्या कानात.

गिटारला ॲम्प जोडला गेला तो ती मोठ्याने ऐकू यावी म्हणून. १९३० च्या दशकात अमेरिकेतल्या नाचगाण्याच्या बँडमध्ये ट्रंपेट-सॅक्सोफोनच्या रेट्यापुढे गिटार बुडून जायची. १९३२ च्या सुमारास रिकनबॅकरची ‘फ्राइंग पॅन’ बाजारात आली, मांडीवर आडवी ठेवून हवाईयन पद्धतीने वाजवायची विद्युत गिटार. १९३९ मध्ये चार्ली ख्रिश्चन बेनी गुडमनच्या ताफ्यात आला आणि सॅक्सोफोनच्या बरोबरीने गिटारवर सुटे तुकडे वाजवू लागला. कॅलिफोर्नियात फुलर्टनला रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवणारा लिओ फेंडर १९४० च्या दशकात ॲम्प आणि गिटारी बनवायला लागला. लंडनमध्ये ड्रमचं दुकान असलेल्या जिम मार्शलने १९६२ मध्ये आपला पहिला ॲम्प काढला, आणि पुढच्या काही वर्षांत मागणी १०० वॉटपर्यंत गेली. म्हणजे या यंत्राची तीस-पस्तीस वर्षांची सगळी वाढ एकाच दिशेने झाली : मोठी जागा, मोठी गर्दी, मोठा आवाज. व्हॉल्व्हच्या, म्हणजे निर्वात नळ्यांच्या, ॲम्पमध्ये तर सुराला जो दाटपणा आणि किंचित फाटलेपणा येतो, तो शेवटच्या टप्प्यातले व्हॉल्व्ह पुरते दमले की येतो. ॲम्प कमी आवाजावर ठेवला तर व्हॉल्व्ह दमत नाहीत आणि तो सूरही निघत नाही.

दुकानात आजही वॉटचीच भाषा चालते. गिऱ्हाईक विचारतं ‘किती वॉटचा?’ आणि दुकानदार आकडा सांगतो. जास्त आकडा म्हणजे जास्त चांगला असं दोघंही धरून चालतात. घरासाठी ॲम्प घेणाऱ्याने ही समजूत आधी सोडावी, कारण आकडेमोड वेगळंच सांगते.

आवाज डेसिबलमध्ये मोजतात आणि डेसिबल ही पटींची मोजणी आहे. वीज दहापट केली की आवाज १० डेसिबलने वाढतो, आणि १० डेसिबल म्हणजे माणसाच्या कानाला साधारण दुप्पट. म्हणजे १०० वॉटचा ॲम्प १० वॉटच्या ॲम्पपेक्षा दहापट मोठा वाजत नाही, तो साधारण दुप्पट मोठा वाटतो. वीज निम्मी केली तर फक्त ३ डेसिबल उतरतात, तेवढा फरक कळायला कान द्यावा लागतो. आता गिटारचा नेहमीचा १२ इंची स्पीकर घेऊ. अशा बऱ्याच स्पीकरांची क्षमता १ वॉटला, १ मीटरवर, ९७ डेसिबलच्या आसपास असते. ९७ डेसिबलमध्ये खोलीत दुसऱ्याशी बोलायला ओरडावं लागतं, आणि हा हिशेब एका वॉटचा आहे. एक दशांश वॉटला ८७, एक शतांशाला ७७ आणि वॉटच्या एक हजाराव्या भागाला ६७. दोन माणसं समोरासमोर बसून बोलतात तेव्हाचा आवाज ६० ते ६५ असतो. याचा अर्थ, झोपलेल्या घरात जेवढ्या आवाजात वाजवायचं आहे तेवढ्याला वॉटचा हजारावा हिस्साही पुरून उरतो. ‘फक्त ५ वॉटचा’ म्हणून विकला जाणारा व्हॉल्व्हचा ॲम्प पूर्ण उघडला तर त्याच स्पीकरवर १०० डेसिबलच्या वर जातो, आणि छोटा ॲम्प घेतला म्हणजे घरात चालेल हा अंदाज तिथेच फसतो.

म्हणून वॉटचा आकडा बाजूला ठेवून व्हॉल्यूमच्या नॉबची खालची पायरी बघावी. कित्येक ॲम्पमध्ये शून्यावर काहीच नाही, आणि केसभर फिरवलं की एकदम घरभर आवाज होतो. मधली जागाच नसते. घरासाठी जो नॉब हवा तो पहिल्या पाव भागात सावकाश चढणारा हवा. त्या मुलाच्या जुन्या ॲम्पमध्ये नेमकी हीच खोट होती. तो नॉबवर बोटाचा दाब देऊन दोन आवाजांच्या मधला आवाज शोधायचा आणि तो सापडत नसे.

कानाची गोष्ट जास्त खोल आहे. १९३३ मध्ये अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेतल्या हार्वी फ्लेचर आणि विल्डन मन्सन यांनी माणसाला वेगवेगळ्या उंचीचे सूर किती जोरात दिले म्हणजे सारखे मोठे वाटतात, याचे आलेख प्रसिद्ध केले. ते पुढे सुधारले गेले आणि आता आंतरराष्ट्रीय मानक म्हणून वापरले जातात. त्यांतून निघालेली गोष्ट अशी : कान सगळे सूर सारखे ऐकत नाही. दोन ते पाच हजार हर्ट्झच्या पट्ट्यात तो फार तीक्ष्ण असतो, आणि खर्जाकडे बराच बहिरा. आवाज जितका कमी, तितका हा बहिरेपणा वाढतो. गिटारची सगळ्यांत जाड तार मोकळी सोडली तर ८२ हर्ट्झवर वाजते. हळू आवाजाच्या पातळीवर हा सूर १००० हर्ट्झच्या सुराएवढा मोठा वाटायचा असेल, तर त्याला पंचवीसहून अधिक डेसिबल जास्त द्यावे लागतात. मंचावरच्या मोठ्या आवाजात हा फरक बराच कमी होतो. त्यामुळे मोठ्याने वाजवताना भरदार वाटणारा सूर नॉब खाली आणला की केवळ लहान होत नाही, त्याचा तळही निघून जातो. राहतो तो मधला, डब्यातून आल्यासारखा आवाज. त्या मुलाची ‘मजा’ जाते ती ही.

हे कळलं की घरासाठी ॲम्पकडून काय मागायचं ते स्पष्ट होतं. बास आणि ट्रेबल वेगवेगळे वाढवता आले पाहिजेत. हळू आवाजात बास नेहमीपेक्षा वर, ट्रेबल थोडा वर, मिडल थोडा खाली असं लावून बघावं. मंचावर हेच माप लावलं तर आवाज चिखलासारखा होईल, म्हणून मंचाचं आणि घराचं माप एकच ठेवू नये. गेन आणि मास्टर हे दोन वेगळे नॉब हवेत : गेन वर नेला की सुराला आपल्याला हवा तसा दाटपणा किंवा फाटलेपणा येतो, आणि मास्टर खाली ठेवला की तो दाटपणा हळू आवाजातही टिकतो. स्पीकरचा आकारही बघावा. तीन इंची स्पीकर ८२ हर्ट्झचा सूर जवळजवळ देतच नाही. वरच्या स्वरांशांवरून आपला मेंदू तो खर्ज मनात भरून काढतो, त्यामुळे चालून जातं, पण घंटाभर वाजवलं की कान थकतो. जागा असेल तर हळू वाजवायलाही आठ इंची किंवा त्याहून मोठा स्पीकर मला जास्त आवडतो. मोठा स्पीकर म्हणजे मोठा आवाज ही दुसरी चुकीची समजूत. कितीही हळू वाजवा, मोठ्या स्पीकरमधून सुराला अंग येतं.

रेकॉर्डिंगच्या इतिहासात छोट्या ॲम्पची जागा मोठी आहे. लंडनच्या द किंक्स या बँडच्या डेव्ह डेव्हिसने १९६४ मध्ये एल्पिको नावाच्या लहानशा ॲम्पच्या स्पीकरचा कागद ब्लेडने चिरला आणि त्यातून निघालेला फाटका आवाज पुढच्या पिढ्यांनी उचलला. फेंडरचा पाचेक वॉटचा चॅम्प शिकाऊ मुलांसाठी निघाला होता, तो स्टुडिओंनी आपलासा केला, कारण माइक जवळ ठेवला की ॲम्प केवढा आहे हे ऐकणाऱ्याला कळत नाही.

खास शांत वाजवण्यासाठी यंत्र करण्याचा विचार नंतर आला. बॉस्टन या बँडचा टॉम शोल्झ एमआयटीत शिकलेला अभियंता. त्याने १९८२ मध्ये रॉकमन नावाचा, कमरेला लावता येणारा, हेडफोनवर वाजणारा ॲम्प काढला. आज व्हॉक्सचा ॲम्पप्लग म्हणून मिळतो तो त्याच वाटेवरचा, थेट गिटारच्या भोकात खोचायचा आणि दोन बारीक सेलवर चालणारा. रोलँडने मायक्रो क्यूब आणला. त्याची आताची आवृत्ती ३ वॉटची, पाच इंची स्पीकरची, सहा पेन्सिल सेलवर चालणारी आहे. यामाहाने २०११ मध्ये टीएचआर मालिका काढली आणि तिला ‘तिसरा ॲम्प’ म्हटलं : मंचाचा एक, सरावाचा एक, आणि घरात बसून वाजवण्याचा हा तिसरा. ८ सेंटिमीटरचे दोन स्पीकर, टेबलावर ठेवायचं रूप, आणि हळू आवाजातच चांगला वाटावा म्हणून बसवलेला सूर. ही कल्पना मला या सगळ्या प्रवासात फार महत्त्वाची वाटते, कारण इथे शांत आवाज हा मोठ्या आवाजाचा कापलेला तुकडा न राहता मुद्दाम घडवलेली वस्तू झाला. बॉसच्या कटाना-५० ला १२ इंची स्पीकर आहे आणि शक्ती कमी करण्याची कळ आहे, ५० वॉट, २५ वॉट आणि अर्धा वॉट. अर्ध्या वॉटवर ठेवलं की मास्टरचा नॉब मोकळेपणी फिरवता येतो, केसभर फिरवण्याची कसरत संपते. फेंडरचा मस्टँग एलटी-२५ आठ इंची आहे, मध्यम घरात बसणारा.

लॅपटॉप असलेल्या मुलांना आणखी एक वाट आहे. ऑडिओ इंटरफेस घेऊन गिटार लॅपटॉपला जोडायची आणि ॲम्पचं काम सॉफ्टवेअरकडून करून घ्यायचं. स्टीव्हन ॲटकिन्सन यांनी केलेलं न्यूरल ॲम्प मॉडेलर मोफत आहे आणि खुलं आहे. खऱ्या ॲम्पचा स्वभाव शिकून घेतलेल्या फाइली त्यात घालता येतात. पैशाच्या दृष्टीने ही सगळ्यांत शहाणी वाट आहे, पण वाजवायला बसण्याआधी लॅपटॉप सुरू करा, वायर लावा, सेटिंग बघा, यात शिकाऊ मुलाचा उत्साह आटतो. गिटार हातात घेतली आणि एक बटण दाबलं की सूर यायला हवा. जो रोज वाजतो तोच ॲम्प चांगला, असं माझं मत आहे.

वाजवणाऱ्याने ब्लूटूथचे हेडफोन वापरू नयेत. त्यात सूर कानापर्यंत पोहोचायला शंभर-दोनशे मिलिसेकंद सहज जातात. हवेतून आवाज दहा मिलिसेकंदांत साडेतीन मीटरच्या आसपास जातो. म्हणजे ब्लूटूथवर वाजवणं हे पस्तीस ते सत्तर मीटर लांब ठेवलेल्या स्पीकरबरोबर वाजवण्यासारखं होतं, आणि लय बसत नाही. वायरचे हेडफोन घ्यावेत. ते लावूनही आवाज बेताचा ठेवावा, कारण ८५ डेसिबलला आठ तास ही कामाच्या ठिकाणची मर्यादा मानली जाते आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. खाणीत आणि वीज केंद्रात काम केलेल्या माणसांच्या घरात कान गेल्याचं दुःख काय असतं हे सांगावं लागत नाही.

मात्र हेडफोनने सगळं सुटतं, हे मला पटत नाही. शेजार शांत होतो, झोपलेला माणूस झोपलेला राहतो, हे खरं. पण मूल वर्षभर काय वाजवतं ते घरात कोणालाच ऐकू येत नाही. आईला दिसतं ते फक्त कानाला डबे लावून भिंतीकडे तोंड करून बसलेलं पोर. आपल्याकडे रियाज घरातच होतो आणि घराने तो ऐकलेला असतो. हार्मोनियमची, तबल्याची, भजनी मंडळाच्या खंजिरीची सवय अख्ख्या गल्लीला असते, आणि ‘आज बरं वाजलं’ असं कोणीतरी स्वयंपाकघरातून म्हणतं तेव्हा शिकणाऱ्याला बळ येतं. गिटार त्या व्यवहारात यायची असेल तर तिला घरात बोलण्याच्या आवाजात वाजता आलं पाहिजे. म्हणून मी हेडफोनचा ॲम्प दुसरा मानतो, रात्रीपुरता. पहिला ॲम्प हळू आवाजात सुंदर वाजणाऱ्या स्पीकरचा असावा.

आता कूलर. नागपूर-सावनेरच्या उन्हाळ्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि मार्चअखेरीपासून जूनपर्यंत खिडकीत लोखंडी कूलर बसतो. ॲम्प निवडण्याच्या परदेशी सल्ल्यांत तो कधीच नसतो, आणि विदर्भातल्या घरात मात्र सगळा हिशेब त्याच्यापासून सुरू होतो. एक तर त्याचा स्वतःचा आवाज मोठा असतो, आणि तोही खर्जाचा, म्हणजे गिटारच्या ज्या पट्ट्याला आधीच कान कमी ऐकतो तोच पट्टा तो झाकून टाकतो. मूल मग नकळत व्हॉल्यूम वाढवतं. उन्हाळ्यातल्या तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा इथे असतं.

दुसरं म्हणजे कूलर हे भिंतीतलं भोक आहे. नऊ इंची विटांची भिंत चांगला आवाज अडवते, पण कूलर खिडकीत असतो आणि त्याची हवा बाहेर जायला समोरची दुसरी खिडकी उघडी लागते. खोली बंद करून वाजवा हा सल्ला हे तीन महिने पाळताच येत नाही. घरं भिंतीला भिंत लागून असतात, कूलरची तोंडं एकमेकांच्या सांदीत उघडतात. अशा वेळी ॲम्पची जागा महत्त्वाची ठरते. तो खिडकीच्या रेषेत ठेवू नये, आतल्या भिंतीकडे तोंड करून ठेवावा, जमिनीवर न ठेवता स्टूलावर, आणि खाली जाड सतरंजीची घडी. जमिनीवर ठेवलेला ॲम्प फरशीतून आणि स्लॅबमधून खर्ज पाठवतो, तो शेजारच्या खोलीत खाटेच्या पायापर्यंत जातो. कवेलूच्या जुन्या घरात ही अडचण कमी, पण तिथे छत आवाज अडवत नाही. स्टूलाचा आणखी एक फायदा : स्पीकरचे तीव्र सूर सरळ रेषेत जातात, आणि तो जमिनीवर असला तर ते आपल्या घोट्यापाशी संपतात. कानाच्या उंचीवर आला, किंवा किंचित मागे कलवला, की तोच सूर निम्म्या आवाजात स्पष्ट ऐकू येतो.

कूलरची मोटर आणि पंप, पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, स्वस्त इन्व्हर्टर, हे सगळे गिटारमध्ये गुणगुण घालतात. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, आणि सिंगल कॉइल पिकअप ती हवेतून उचलतो. १९५५ मध्ये गिब्सनच्या सेथ लव्हरने दोन गुंडाळ्या उलट्या जोडून ही गुणगुण मारणारा हमबकर तयार केला. हळू आवाजात वाजवणाऱ्याला याचं महत्त्व जास्त, कारण हळू आवाजातही गेन वर असल्यामुळे सुराच्या मानाने गुणगुण जास्त ऐकू येते. घरासाठी गिटार नवीच घ्यायची असेल तर हमबकरवाली घ्यावी. जुनी असेल तर वाजवताना अंग थोडं फिरवून बघावं. एका दिशेला गुणगुण अचानक पडते, तीच आपली बसायची दिशा.

तारांना हात लावला की गुणगुण कमी होते, हे ठीक आहे. पण हाताला झिणझिण्या आल्या तर त्या क्षणी प्लग काढावा. अर्थिंग नाही किंवा कुठेतरी वीज उतरते आहे. कूलरच्या पाण्याने ओली फरशी, अनवाणी पाय आणि हातात लोखंडी तारा हे जिवावरचं काम आहे. कूलरच्या धक्क्याने माणूस गेल्याची बातमी आपल्याकडे दर उन्हाळ्यात येते. तीन पिनचा प्लग कापून दोन पिनचा करू नये, आणि घराच्या बोर्डात धक्का लागताच वीज तोडणारा ईएलसीबी बसवून घ्यावा. तो गिटारच्या तारांच्या चार-सहा जोड्यांच्या किमतीत येतो. उन्हाळ्यापुरता सेलवर चालणारा ॲम्प वापरला तर ही भीती जाते, आणि जूनच्या वादळात वीज गेली तरी वाजवणं थांबत नाही.

कायदाही जाणून घ्यावा. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे निवासी भागात दिवसा, म्हणजे सकाळी ६ ते रात्री १०, मर्यादा ५५ डेसिबल आहे, आणि रात्री ४५. खाजगी घरातल्या आवाजाला घराच्या सीमेवर या मर्यादेपेक्षा जास्तीत जास्त ५ डेसिबलची सूट आहे. मुंबईत धोबी तलावच्या रंगभवनात जॅझ यात्रेचे आणि रॉक मेळ्यांचे जे कार्यक्रम व्हायचे, ते शेजारच्या रुग्णालयांमुळे याच नियमांखाली थांबले. गणपतीत आणि लग्नात भिंती हादरवणाऱ्या डीजेपुढे हे आकडे कागदी वाटतात, ते मला माहीत आहे. तरी ५५ हा आकडा गिटारवाल्याने मनावर घ्यावा. वॉटच्या हजाराव्या हिश्श्याचा हिशेब वर केला आहे, त्यात भिंत धरली की घरात बोलण्याच्या आवाजात वाजवणारा माणूस दिवसा या मर्यादेत सहज राहतो. अडचण रात्रीच्या ४५ ची आहे, तिथे हेडफोन. आणि रात्रपाळीच्या माणसासाठी नियमात सोय नाही. त्याची रात्र सकाळी नऊला सुरू होते आणि कायद्याच्या लेखी तो दिवस असतो. ती काळजी शेजाऱ्याने घ्यायची.

वसाहतीतल्या त्या मुलाचं प्रकरण आता पैशापाशी आलं आहे. कोळसा कामगारांचा वार्षिक बोनस दसऱ्याच्या आधी जमा होतो. २०२४ मध्ये तो ९३,७५० रुपये होता, आणि या भागातल्या बऱ्याच घरांत फ्रिज, गाडीचा हप्ता, मुलीची फी हे सगळे बेत त्याच पैशावर असतात. त्यातून ॲम्पसाठी वडील थोडं काढायला तयार झाले आहेत. नवा मोठा नको, हे दोघांचंही ठरलं. मुलाला कटाना हवा, वडिलांना सेलवर चालणारा हवा, कारण पाळी बदलली की ॲम्प मागच्या छपरीत नेता येईल. मला वडिलांचं म्हणणं जास्त पटतं. जुना घ्यायला हरकत नाही, पण ॲडाप्टर मूळचाच असावा. गिटारच्या उपकरणांत आतली टोकं कधी ऋण तर कधी धन असतात, आणि बाजारातला ‘तसाच दिसणारा’ ॲडाप्टर लावला की आतली पट्टी जळते.

दुकानात कसं तपासायचं ते मी त्यांना सांगितलं. शनिवार-रविवार टाळून दुपारी बर्डीवर जा, तेव्हा दुकान रिकामं असतं. दुकानातली महागडी गिटार घेऊ नका, आपली न्या. दुकानदार मोठा आवाज करून दाखवेल, ते ऐकून घ्या आणि मग मास्टर पार खाली आणायला सांगा. गेन, बास आपल्या मापाने लावा. मुलगा वाजवेल, वडील समोर उभे राहून दुकानदाराशी नेहमीच्या आवाजात बोलतील. बोलणं न थांबवता सूर नीट ऐकू आला, जाड तार भरून वाजली, आणि नॉब थोडा थोडा फिरवल्यावर आवाज थोडा थोडाच वाढला, तर तो ॲम्प बांधून घ्या. नाही तर पुढचा लावायला सांगा.